दारापर्यंतचे तीस मीटर

इमारतीच्या प्रवेशद्वारापासून जास्तीत जास्त तीस मीटरवर, जमिनीच्याच पातळीवर, दोन मोटारींची जागा दिव्यांगांसाठी ठेवावी. त्या जागेची रुंदी किमान ३.६ मीटर असावी आणि ती राखीव असल्याचे ठळकपणे लिहावे. राष्ट्रीय इमारत संहितेतली ही तरतूद आहे. भाषा साधी आहे, मापे नेमकी आहेत, अर्थ लावण्यावरून वाद घालायला वावच नाही. तरीही आपल्या कुठल्याही शहरातली इस्पितळे, मंगल कार्यालये, नाट्यगृहे, बँका आणि सरकारी कचेऱ्या फिरून पाहाव्यात. अशी जागा आखलेली आहे, ती मोकळी आहे आणि खरोखरच दारापाशी आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र असलेले ठिकाण शोधून काढावे लागते.

साधी मोटार लावायला अडीच मीटर रुंदी पुरते. मग हा जास्तीचा मीटरभर कशासाठी? ज्याने व्हीलचेअर वापरणाऱ्या चालकाला गाडीतून उतरताना एकदा नीट पाहिले आहे, त्याला हा प्रश्न पुन्हा पडत नाही. पायांत बळ नसलेला माणूस ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवता येईल अशी दांडी बसवून घेतलेली मोटार चालवत येतो. गाडी लावली की तो दार शेवटपर्यंत उघडतो. शेजारच्या सीटवर ठेवलेला खुर्चीचा सांगाडा स्वतःच्या छातीवरून ओढून बाहेर काढतो आणि जमिनीवर टेकवतो. मग एकेक चाक उचलून आसात बसवतो. त्यावर गादी टाकतो. खुर्ची गाडीच्या सीटला तिरकी चिकटवून तिचे ब्रेक लावतो, एक हात खुर्चीवर आणि दुसरा सीटवर रोवून सगळे शरीर दंडांच्या जोरावर उचलतो, मधली फट ओलांडतो आणि खुर्चीत बसतो. शेवटी हातांनीच एकेक पाय उचलून फूटरेस्टवर ठेवतो. या सगळ्याला दाराबाहेर सुमारे सव्वा मीटरची मोकळी आणि सपाट जागा लागते. जमीन उतरती असेल तर खुर्ची सरकते, आणि पेव्हर ब्लॉक खचलेला असेल तर पुढचे लहान चाक नेमके त्या खड्ड्यात जाऊन बसते.

हे झाले उतरताना. खरी अडचण पुष्कळदा परत जाताना येते. काम आटोपून माणूस गाडीपाशी येतो, तर राखीव जागेतल्या तिरप्या पट्ट्यांवर कुणीतरी स्कूटर लावून निघून गेलेले असते. त्या पट्ट्या म्हणजे वाया चाललेली जागा असाच सर्वसाधारण समज आहे. गाडी समोर आहे, किल्ली हातात आहे, पण दार वीतभरच उघडते. मग वॉचमनला शोधायचे, गाडीचा नंबर पुकारायला सांगायचे आणि मालक येईपर्यंत उन्हात किंवा पावसात थांबायचे. तो येतो, ‘सॉरी हं, दोनच मिनिटं लावली होती’ म्हणतो आणि गाडी काढतो. त्याच्या मनात बहुधा वाईट काहीच नसते. पण दिवसभरात असे चार ‘दोन मिनिटंवाले’ भेटले, तर एका माणसाची अर्धी रजा पार्किंगमध्येच संपते.

वॉचमनला दोष देऊन काहीच साधत नाही. राखीव जागेत गाडी घालणारा माणूस अनेकदा त्याच इमारतीतला साहेब असतो, किंवा साहेबांचा पाहुणा. बारा तासांची ड्युटी करणाऱ्या कंत्राटी कामगाराने त्याला अडवावे ही अपेक्षाच चुकीची आहे. अडवले तर नोकरी जाण्याची भीती, नाही अडवले तर व्हीलचेअरवरच्या माणसाची नाराजी. म्हणून मग तो त्या जागेत प्लॅस्टिकची खुर्ची किंवा लोखंडी स्टँड आडवा लावून ठेवतो. त्याच्या दृष्टीने जागा सुरक्षित झाली. पण एकट्याने गाडी चालवत आलेल्या दिव्यांग चालकाने खाली उतरून तो स्टँड बाजूला करायचा कसा? सोय राखण्यासाठी केलेली तजवीजच त्याला आडवी येते.

यावर ठरलेले एक उत्तर मिळते, तेही बऱ्याचदा सद्भावनेने दिलेले असते. ‘दारात उतरवून गाडी पुढे न्या की!’ या सल्ल्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. व्हीलचेअरवरचा माणूस नेहमी कुणाच्या तरी सोबतच येणार, कुणीतरी त्याला ‘आणणार’. जो स्वतः गाडी चालवत येतो, त्याला दारात उतरवणार कोण? आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला थेरपीसाठी एकटी घेऊन येणारी आई? तिने मुलाला इस्पितळाच्या दारात, गर्दीत, खुर्चीवर ठेवून गाडी लावायला अर्धा किलोमीटर जायचे काय? राखीव जागा दाराजवळ हवी ती याच कारणाने. ही सवलत किंवा मेहेरबानी नव्हे. तिच्याशिवाय त्या माणसाचे घराबाहेर पडणे दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहते.

मोटारीचा प्रश्न निदान कागदावर तरी आहे. आपल्याकडे चालण्यात अडचण असलेल्या कितीतरी माणसांचे वाहन मोटार नसून मागच्या बाजूला दोन जादा चाके जोडलेली स्कूटर असते. लोक तिला ‘साइड व्हीलची गाडी’ म्हणतात. टपरी चालवणारा, शाळेत शिकवणारा, कचेरीत कारकुनी करणारा, सगळ्यांचा आधार हीच गाडी. तिची रुंदी साध्या स्कूटरपेक्षा बरीच जास्त, त्यामुळे दुचाकींच्या रांगेत ती बसत नाही. चारचाकींच्या जागेत लावली तर तिथला माणूस हाकलतो. आणि मोटारीसाठी आखलेल्या राखीव जागेत लावली, तर ‘ही कारची जागा आहे’ असे ऐकावे लागते.

त्यात आणखी एक बारकावा आहे, जो पार्किंग आखणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. साध्या स्कूटरवरचा माणूस जमिनीवर पाय टेकून, गाडी मागे ढकलत रांगेतून बाहेर काढतो. साइड व्हीलच्या गाडीवरच्या माणसाला ते जमत नाही. रिव्हर्स गिअरचे किट बसवलेले नसेल तर त्याला गाडी पुढच्या दिशेनेच बाहेर काढता आली पाहिजे. पण पे अँड पार्कचा पोऱ्या तर जागा वाचवण्यासाठी गाड्या हँडलला हँडल लावून ठासून भरतो. संध्याकाळी ती गाडी मधोमध अडकलेली असते आणि तिचा मालक येणाऱ्या-जाणाऱ्यांना ‘जरा ही गाडी सरकवता का’ म्हणून विनवत असतो. आता आयआयटी मद्रासमध्ये विकसित झालेल्या निओबोल्टसारखी, व्हीलचेअरच्या पुढे जोडायची मोटरची चाकेही रस्त्यावर आली आहेत. माणूस आपल्या खुर्चीवरूनच रस्त्याने जाऊ लागला आहे. पुढचे मोटरचे चाक सोडून ठेवायला सुरक्षित कोपरा आणि चार्जिंगला एक प्लग त्याला लागेल. पार्किंगचे आराखडे आखताना या वाहनांचा विचार आजच व्हायला हवा.

घराच्या फाटकाच्या आत तरी सगळे ठीक असेल, असे वाटू शकते. तसे नसते. सोसायट्यांमधल्या पार्किंगच्या वादांमध्ये सर्वांत एकटा पडतो तो दिव्यांग सभासदच. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निकाल दिला की, इमारतीखालच्या स्टिल्टची किंवा उघडी पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. त्या जागा सोसायटीच्या सामाईक. त्यांचे वाटप करायचे सोसायटीने, आणि जागा कमी नि गाड्या जास्त असल्या की उपविधींप्रमाणे चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठी ही सगळ्यांना समान न्याय देणारी पद्धत वाटते खरी. पण लिफ्टपासून दूर, दोन खांबांच्या मध्ये अडकलेली जागा एखाद्या धडधाकट सभासदाला मिळाली तर त्याची थोडी गैरसोय होते. तीच जागा व्हीलचेअर वापरणाऱ्याला मिळाली तर त्याला गाडी असूनही ती वापरता येत नाही. अशा वेळी कमिटीने चिठ्ठ्या टाकण्याच्या आधीच एक रुंद, लिफ्टजवळची जागा बाजूला काढून ठेवली पाहिजे. सर्वसाधारण सभेत दहा मिनिटांत होण्यासारखा हा ठराव आहे. तो करायला कुणाचीही परवानगी लागत नाही.

पुनर्विकासाने यात नवी भर घातली आहे. मुंबई-पुण्यात जुन्या इमारती पाडून उभ्या राहणाऱ्या टॉवरमध्ये जागा वाचवण्यासाठी यांत्रिक पार्किंग बसवतात. कुठे एकावर एक दोन गाड्या उचलणारे स्टॅक, कुठे गाड्या आडव्या-उभ्या सरकवणारे पझल, कुठे गाडी थेट वीस मजले वर नेणारा मनोरा. या सगळ्यांत गाडी एका लोखंडी पाळण्यावर चढवावी लागते. पाळण्याच्या दोन्ही बाजूंना चाकांसाठी कडा असतात आणि दार जेमतेम उघडेल एवढीच जागा असते. व्हीलचेअर वापरणारा चालक तिथे उतरूच शकत नाही, कारण खुर्ची टेकवायला जमीनच नसते. म्हणजे नव्या इमारतीत लिफ्ट आली, रॅम्प आला, बाथरूमचे दार रुंद झाले आणि पार्किंग मात्र त्याच्यासाठी बंद झाले. पुनर्विकासाच्या करारावर सह्या करताना फ्लॅटचे चौरस फूट, कॉर्पस फंड, भाडे यांवर महिनोन्‌महिने चर्चा होते. त्याच वेळी जमिनीवरच्या दोन-तीन साध्या, रुंद जागा लिहून घेणे अवघड नाही. इमारत उभी राहिल्यावर ते कोणालाच शक्य होत नाही.

गाडी लागली, माणूस खुर्चीत बसला. आता फूटपाथ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी सुविधांच्या निर्देशांनुसार फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि रहिवासी भागातही चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी मोकळी असावी. आपले कित्येक फूटपाथ फूटभर उंच आहेत, कारण रस्त्याचे पाणी दुकानात शिरू नये ही काळजी पादचाऱ्यापेक्षा मोठी ठरली. जिथे उतार केला आहे तिथे बरोबर त्या उताराच्या तोंडाशी मोटारसायकल लावलेली असते, कारण मोटारसायकलला वर चढायलाही तोच उतार सोपा पडतो. मोटारसायकली चढू नयेत म्हणून महापालिका खांब रोवते, म्हणजेच बोलार्ड, आणि त्यांच्यामधून व्हीलचेअरही जात नाही. मुंबईतल्या अशाच खांबांबद्दल व्हीलचेअर वापरणाऱ्या एका तरुणाने पाठवलेल्या ईमेलची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि तिचे जनहित याचिकेत रूपांतर केले. दोन खांबांमधल्या अंतरासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागावे, यावरून पालिकेच्या कामात मोजमाप तपासणारा माणूस कुठल्या टप्प्यावर गैरहजर असतो हे कळते. खांब रोवणाऱ्या कंत्राटदाराच्या हाती मीटरचा टेप होताच. त्याला अंतर किती ठेवायचे हे कुणी सांगितले नव्हते, आणि बिल मंजूर करणाऱ्याने विचारले नाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच्याही पुढचे पाऊल टाकले. अतिक्रमणमुक्त, चालण्याजोगे फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि ते दिव्यांगांना वापरता आलेच पाहिजेत, असे न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने स्पष्ट केले. पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यासारख्या ठिकाणी रुंद फूटपाथ करून दाखवता येतात, हे आपण पाहिलेलेच आहे. पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे मार्च २०२२ मध्ये उद्घाटन झाले तेव्हापासून स्थानकांत लिफ्ट आहेत, डब्यात व्हीलचेअरसाठी जागा आहे. पण लिफ्टपासून घरापर्यंतच्या वाटेवर फूटपाथची पायरी, त्यावर महावितरणची डीपी आणि पुढे भाजीची गाडी असेल, तर मेट्रोवर झालेला कोट्यवधींचा खर्च त्या एका प्रवाशाच्या उपयोगाचा राहत नाही.

आणि मग इमारत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात एका दिव्यांग हक्क कार्यकर्तीला स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीसाठी व्हीलचेअरसह दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावे लागले. लिफ्ट नव्हती, आणि अधिकारी सही घ्यायला खाली आले नाहीत. तिने ते जाहीरपणे मांडल्यावर तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिलगिरी व्यक्त केली. दिलगिरी मनापासूनची असेलही. परंतु एव्हाना कायद्याने दिलेली मुदत उलटून गेली होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. त्याच्या कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. त्यानंतरच्या वर्षी एका सरकारी कचेरीत नववधूला उचलून न्यावे लागले.

रॅम्पची गत काय आहे? ‘रॅम्प आहे’ एवढे अहवालात लिहिले की काम संपते. नियमातला उतार आहे एकास बारा. सहा इंचांच्या पायरीसाठी सहा फुटांचा रॅम्प हवा. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी दोन-अडीच फुटांची सिमेंटची घसरगुंडी ओतलेली असते, जी मालाची ट्रॉली चढवायला ठीक आहे. व्हीलचेअरवरचा माणूस त्यावर चढायला लागला तर खुर्ची मागे उलटते, आणि उतरायला लागला तर तो पुढे तोंडावर पडतो. कुठे वर गुळगुळीत ग्रॅनाइट बसवलेले असते, पावसाळ्यात त्यावर चाक पकड घेत नाही. कुठे रॅम्प चढून गेल्यावर समोर कुलूप लावलेले लोखंडी जाळीचे दार असते. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्येच एटीएमना रॅम्प करण्याच्या सूचना बँकांना दिल्या होत्या. आज गल्लोगल्लीच्या एटीएमपुढे उभे राहून पाहावे. तीन पायऱ्या, वर काचेचे जड दार आणि आत मशीनची बटणे छातीच्या उंचीवर, म्हणजे उभ्या माणसाच्या छातीच्या.

या सगळ्याचे कायदेशीर मूळ नोव्हेंबर २०२४ च्या एका निकालात उघडे पडले. राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने, २०१७ च्या नियमांतला नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. संसदेने कायद्यात बंधनकारक मानके सांगितली होती. नियमाने मात्र नुसत्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवले. सूचना पाळली नाही म्हणून कुणाला शिक्षा करता येत नाही. बंधनकारक मानके वेगळी काढा, त्यासाठी तीन महिने घ्या आणि मग ती न पाळणाऱ्यांना कलम ४४ व ८९ लावा, असे न्यायालयाने सांगितले. कलम ४४ चा अर्थ असा की, नियम न पाळणाऱ्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखलाच द्यायचा नाही. कलम ८९ मध्ये पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड आहे.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. ‘पण असे लोक येतात किती? जागा रिकामी ठेवायची नि बाकीच्यांनी रस्त्यावर गाड्या लावायच्या?’ २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यांत चलनवलनाचे अपंगत्व असलेले ५४ लाखांहून अधिक. महाराष्ट्रात एकूण दिव्यांग साडेएकोणतीस लाखांवर. सगळे व्हीलचेअर वापरत नाहीत, हे खरे. पण या आकड्यांत गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आजी नाहीत, पक्षाघातातून उठणारे पन्नाशीचे गृहस्थ नाहीत, अपघातात पायात सळई बसलेला डिलिव्हरी करणारा मुलगाही नाही. आणि ज्या नाट्यगृहात पोहोचताच येत नाही, तिथे व्हीलचेअरवरचे प्रेक्षक दिसत नाहीत म्हणून राखीव जागेची गरज नाही, हा युक्तिवाद विहिरीला पायऱ्या न करता ‘पाणी न्यायला कुणी येतच नाही’ म्हणण्यासारखा आहे.

मराठी वाचकाला या जगण्याची ओळख नाही असेही नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन घराघरांत वाचले गेले. त्यांनी १९८४ मध्ये उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था महाराष्ट्राला माहीत आहे. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिले, हेही आता लहान मुलांना ठाऊक आहे. आदराची कमतरता आपल्याकडे नाही. कमी आहे ती आखलेल्या जागेवरून दुसऱ्याची गाडी हटवणाऱ्या यंत्रणेची.

ब्रिटनने हा प्रश्न १९७१ पासून एका कार्डाने हाताळला आहे. आधी नारिंगी, २००० पासून निळे. ब्लू बॅज म्हणतात त्याला. त्यातली शहाणपणाची गोष्ट अशी की, बॅज गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो माणूस स्वतःच्या गाडीतून येवो, मुलीच्या येवो की शेजाऱ्याच्या, बॅज काचेपाशी ठेवला की राखीव जागा त्याची. दुसऱ्याने तो वापरला तर एक हजार पौंडांपर्यंत दंड. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानंतर शंभरपर्यंत गाड्यांच्या पार्किंगमध्ये दर पंचवीस जागांमागे एक सुगम जागा ठेवावीच लागते, आणि कॅलिफोर्नियात तिथे गाडी घुसवणाऱ्याला किमान अडीचशे डॉलर मोजावे लागतात. मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेले आई-वडील तिथल्या निळ्या पाट्यांचे कौतुक करतात. पायाला प्लास्टर असेपर्यंत तात्पुरते कार्ड मिळते, याचेही. त्या शिस्तीमागे तिथल्या लोकांचा स्वभाव असेल नसेल, पण दंडाची पावती नक्की आहे.

आपल्याकडे ओळख गाडीला चिकटलेली आहे. नोंदणीपुस्तकात ‘ॲडाप्टेड व्हेइकल’ लिहिलेले असेल, किंवा २०२० च्या बदलानंतर मालकी ‘दिव्यांगजन’ म्हणून नोंदलेली असेल, तर ती गाडी दिव्यांगाची. मग त्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचे काय, ज्याला आज आई, उद्या मामा, परवा ओलाचा ड्रायव्हर घेऊन जातो? बाजारात मिळणारा निळा स्टिकर तर कुणीही चिकटवू शकतो. उपाय हाताशी आहे. दिव्यांगांचे युडीआयडी हे ओळखपत्र केंद्राने दिलेलेच आहे, त्यावर क्रमांक आहे, माहिती संगणकात आहे. चालण्यात अडचण असलेल्यांना त्याच आधारावर काचेपाशी ठेवायचे पार्किंगचे कार्ड राज्याने द्यावे, वर क्यूआर कोड छापावा. वाहतूक पोलिसाच्या हातातल्या ई-चलनच्या यंत्राने किंवा मोबाइलने तो तपासता येईल. राखीव जागेतल्या परक्या गाडीसाठी चलनात स्वतंत्र शीर्षक असावे आणि दंड नो-पार्किंगपेक्षा बराच जास्त असावा. मॉल आणि इस्पितळाच्या आवारात पोलीस फिरत नाहीत, म्हणून तिथली जबाबदारी वॉचमनऐवजी मालकावर टाकावी. एक फोटो, एक तक्रार, आणि नोटीस आस्थापनेला. तसे झाले तर ‘साहेबांच्या पाहुण्याला’ अडवायचे धैर्य वॉचमनला आपोआप येईल, कारण तेव्हा साहेबच त्याला अडवायला सांगतील.

पैसा नाही ही सबब इथे लागू पडत नाही. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे, हे प्रत्येक ग्रामसेवकाला माहीत आहे. तो निधी कुठे वर्षअखेरीला घाईघाईने वस्तू वाटण्यात संपतो, कुठे अखर्चित राहतो. रस्त्याकडेची जागा आखायला पिवळा-निळा रंग, एक पाटी आणि फूटपाथला जोडणारा सिमेंटचा छोटा उतार लागतो. प्रत्येक प्रभागातली पहिली आठ ठिकाणे कोणती, हे ठरवायलाही समिती नको. सरकारी दवाखाना, टपाल कचेरी, रेशन दुकान, बँक, मतदान केंद्र होणारी शाळा, एसटी स्टँड, भाजी मंडई, बाग. त्या प्रभागात व्हीलचेअर आणि साइड व्हीलची गाडी वापरणाऱ्या दोघांना बोलवावे आणि अभियंत्याने त्यांच्यासोबत गाडीपासून खिडकीपर्यंत जाऊन पाहावे. अडेल तिथे खूण करावी. तपासणी ती हीच. कचेरीत बसून भरलेल्या ‘होय/नाही’च्या तक्त्यावर मीटर-सेंटिमीटर कळत नाहीत.

३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय पुण्यात आहे. नगरविकास, परिवहन, गृह आणि सहकार या खात्यांना एका टेबलाशी बसवायचे असेल तर ते या विभागालाच शक्य आहे. राखीव जागा आखणे पालिकेचे, दंड करणे पोलिसांचे, कार्ड देणे दिव्यांग विभागाचे आणि सोसायट्यांच्या उपविधींत बदल करणे सहकार खात्याचे. चौघांपैकी एकाने जरी हात वर केले तर बाकीच्या तिघांचे काम फुकट जाते, आणि आजवर घडले ते हेच. पाटी लागली पण दंड नाही, दंड आहे पण ओळख नाही, ओळख आहे पण जागा नाही.

त्यातली निदान एक गोष्ट उद्यापासून सुरू होऊ शकते, तिला नव्या कायद्याची वाट पाहायला नको. कलम ४४ चा अधिकार महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे आजही आहे. यापुढे ज्या इस्पितळाचा, मॉलचा, मंगल कार्यालयाचा किंवा टॉवरचा भोगवटा दाखल्याचा अर्ज येईल, त्याच्या फाइलमध्ये दाराजवळच्या त्या दोन जागांचा मोजपट्टी लावून काढलेला फोटो नसेल, तर फाइल परत पाठवावी.